इग्वानाच्या पिंजऱ्यासाठी घरी केलेला फायबरचा ट्रे, आणि मकरपुऱ्यातलं सुट्या सामानाचं दुकान

बडोद्यात कोणाला घरच्या घरी फायबरचं काही करायचं असेल तर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) रेझिन (जमून कडक होणारं पातळ रसायन), मॅट, हार्डनर (रेझिनला जमवणारं रसायन) हे सगळं किलोवर सुटं मिळतं. मी ज्या दुकानातून घेतलं त्याचं नाव इथे देत नाही कारण पुढे एक तक्रार पण लिहिलीय आणि ती त्या एकाच दुकानाची नाही, सुटा माल विकणाऱ्या बऱ्याच ठिकाणी हेच चालतं. आधीच सांगते, सामान उत्तम, सल्ला त्याहून उत्तम, ट्रे झकास झालाय. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली.

ट्रे कशाला हवा होता ते आधी. आमच्याकडे भाच्याचा इग्वाना आहे, बंड्या, हिरवा, आता पूर्ण वाढलेला. भाचा शिकायला पुण्याला गेला आणि बंड्या माझ्याकडे राहिला. बाबाजीपुऱ्यातलं घर जुनं आहे, खोल्या मोठ्या, म्हणून ६ बाय ३ फुटाचा आणि ६ फूट उंच पिंजरा सुताराकडून करून घेता आला. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा, त्याला दमट हवा लागते, ६५-७० टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसातून दोनतीनदा फवारा मारायचा, पाण्याचं मोठं टब ठेवायचं, आणि तो शी पण बहुतेक वेळा पाण्यातच करतो, मग शेपटी आपटून ते सगळं बाहेर. प्लायचा तळ यात किती टिकणार. सनमायका लावला तरी कडांमधून पाणी आत शिरतं, प्लाय फुगतो, मग काळी बुरशी, आणि ती बुरशी आणि तो कुबट वास त्या जनावराच्या फुप्फुसाला चांगला नाही. म्हणजे तळाला असं काहीतरी हवं ज्याला सांधाच नाही.

पर्याय सगळे बघितले होते. जीआय पत्र्याचा ट्रे पत्रेवाला वाकवून देतो पण कोपऱ्यात सोल्डर किंवा सिलिकॉन, आणि कापलेल्या कडेवरचं जस्त गेलेलं असतं तिथून गंज सुरू होतो. स्टीलचा करायचा तर वेल्डिंग पॉलिशसकट किंमत ऐकूनच परत आले. प्लास्टिकचे ट्रे नर्सरीत मिळतात पण ६ बाय ३ मध्ये कुठून मिळणार, दोन जोडून ठेवले की परत मधे फट. फायबरच्या टाक्या आणि शेड बनवणाऱ्या एकदोन कारखान्यांत विचारलं, ते म्हणाले एक नग करायचा म्हणजे डायचा, साच्याचा, खर्च तुमचा, आणि त्यांचं बरोबरच आहे, एका ट्रेसाठी डाय बनवून त्यांना काय सुटणार. मग घरीच.

दुकानाचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे दुकानवाल्या भाईंनी पहिला प्रश्न विचारला की कशासाठी पाहिजे. मी सांगितलं जनावराच्या पिंजऱ्याचा तळ, आत सतत ओल आणि घाण, वरून हीट लॅम्प. त्यावर ते म्हणाले मग बेन, जीपी रेझिन नका घेऊ, आयसो घ्या. जीपी म्हणजे साधं जनरल पर्पज पॉलिएस्टर, ते ऑर्थोफ्थॅलिक असतं, शेड, खुर्च्या, पुतळे यांना चालतं, पण सतत पाण्यात राहिलं तर हळूहळू पाणी पितं आणि वर फोड येतात. आयसोफ्थॅलिक रेझिन पाण्याला आणि घाणीतल्या अमोनियाला जास्त चांगलं तोंड देतं. किलोमागे थोडं महाग, पण एकदाच करायचंय तर तेच घ्यावं. एवढं विचारून विकणारे लोक कमी उरलेत, मला त्याची खरंच कदर वाटली.

मापाचा हिशोब त्यांनीच पाठकोऱ्या कागदावर करून दिला आणि तो तंतोतंत निघाला म्हणून सविस्तर लिहिते. तळ १८ चौरस फूट, चारी बाजूंना ४ इंचाची भिंत म्हणजे अजून ६, एकूण २४ चौरस फूट, सव्वादोन चौरस मीटर धरा. मॅट म्हणजे काचेच्या तंतूंच्या तुकड्यांची ती पांढरी चटई, तिचं वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम असं असतं, ३०० आणि ४५० हे दोन जास्त चालतात. एक थर ३०० चा आणि दोन थर ४५० चे, म्हणजे चौरस मीटरला १२०० ग्रॅम, आपल्याला पावणेतीन किलो, कोपऱ्यात एकावर एक येतं ते धरून ३ किलो. या मॅटला स्वतःच्या वजनाच्या साधारण अडीचपट रेझिन लागतं, म्हणजे ७ ते साडेसात किलो. जेलकोट, म्हणजे सगळ्यात वर दिसणारा रंगीत गुळगुळीत थर, दीड किलो. जाडी येते ३ मिलिमीटरच्या जवळपास. तळाला खालून प्लायचा पूर्ण आधार असेल तर एवढी पुरे, नुसता चौकटीवर टेकवणार असाल तर खाली दोन आडव्या पट्ट्या मॅटमध्ये गुंडाळून चिकटवायला लागतील, नाहीतर ओलं कोकोपीट (नारळाचा भुसा) भरलं की तळ झोळीसारखा खाली येतो.

सगळं सामान, रोलर, ब्रश, अ‍ॅसिटोन, वॅक्स, पीव्हीए (ट्रे साच्याला चिकटू नये म्हणून लावायचं पातळ द्रावण) धरून साडेतीन-चार हजारांच्या मधे बसलं, फर्म्याचा, म्हणजे साच्याचा, प्लाय वेगळा. स्टीलच्या कोटेशनच्या निम्म्याहून खूप कमी.

फर्म्याबद्दल थोडं, कारण इंटरनेटवर सगळे बोटीचे आणि गाड्यांचे फर्मे दाखवतात आणि आपल्याला तसा नको. ट्रेची आतली बाजू गुळगुळीत हवी, कारण पुसायची तीच आहे. फायबरमध्ये जी बाजू फर्म्याला लागते तीच गुळगुळीत होते, दुसरी खडबडीत राहते. म्हणून फर्मा उलटा, उपडी ठेवलेली पेटी, तिच्यावरून थर चढवायचे. एकाच ८ बाय ४ च्या सनमायकावाल्या प्लायमधून पूर्ण फर्मा निघतो, ६ बाय ३ चा वरचा भाग आणि उरलेल्या १ फुटाच्या पट्टीतून जवळजवळ ४ इंचाच्या तीन लांब पट्ट्या, त्यात चारी बाजू होतात. दोन गोष्टी मात्र चुकवू नका. बाजू सरळ काटकोनात नको, वर जरा आत झुकलेल्या हव्यात, कारण रेझिन वाळताना आकसतं आणि उलट्या फर्म्याला घट्ट धरून बसतं, सरळ बाजू असेल तर मग फर्मा तोडूनच ट्रे सुटतो. आणि सगळ्या कडा गोल करून घ्या, पुट्टी लावून, घासून, कारण काचेची मॅट टोकदार कडेवर वळत नाही, उचलली जाते आणि खाली हवा राहते, तिथेच पुढे जेलकोट तडकतो. गोल कडेचा दुसरा फायदा नंतर रोज कळतो, ट्रेच्या आत कोपराच राहत नाही, फडका एका हातात फिरतो.

थर्माकोलचा फर्मा करायचा विचार असेल तर सोडून द्या, पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवून टाकतं.

आता मालाबद्दल. मॅट एकदम कोरडी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दिली, हे महत्त्वाचं आहे कारण ओल धरलेली मॅट रेझिन नीट पित नाही, पांढरे डाग राहतात. रेझिन ताजं होतं, मधासारखं वाहत होतं, गुठळ्या नाहीत. घेताना विचारा कधीचा ड्रम आहे, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेलं रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागतं. कोबाल्ट, म्हणजे रेझिन जमायचा वेग वाढवणारं अ‍ॅक्सिलरेटर, मी त्यांनाच रेझिनमध्ये मिसळून द्यायला सांगितलं आणि तुम्हीही तसंच करा. कारण घरात कोबाल्टची बाटली आणि हार्डनरची बाटली दोन्ही असणं म्हणजे धोका. हे दोन थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो, स्फोट पण होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, पूर्ण ढवळून, आणि मग शेवटी वापरताना हार्डनर, हाच क्रम. मिसळून घेतलं तर हा प्रश्नच येत नाही, फक्त तसं रेझिन फार दिवस ठेवता येत नाही.

इथेच तो अर्धा तारा गेला. हार्डनर, ज्याला एमईकेपी म्हणतात, तो मला एका साध्या पांढऱ्या बाटलीत ओतून दिला, वर ना नाव ना कसली खूण. दिसायला पाण्यासारखा. हा पेरॉक्साइड आहे, डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि तो घरात येतोय बिनलेबलच्या बाटलीत, जिथे म्हातारी माणसं आहेत, कोणाच्या घरी लहान मुलं असतील. मी तिथेच उभं राहून मार्कर मागितला, नाव लिहिलं, विष लिहिलं, मगच पिशवीत ठेवला. भाईंनी मार्कर दिला, हसून नाही, नीट दिला, पण लेबल दुकानानेच लावायला हवं. एका छापील चिठ्ठीला काय खर्च येतो. इतक्या जाणकार दुकानात हे बघून वाईट वाटलं म्हणून एवढं लिहिलं.

काम गच्चीवर केलं, थंडीत, दुपारच्या उन्हात. बडोद्यात दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ यासाठी सगळ्यात चांगला, हवा कोरडी आणि दुपारी तीस डिग्रीच्या आसपास. मे महिन्यात गच्चीवर चाळीसच्या वर असताना रेझिन हातातल्या डब्यातच जमतं आणि पावसाळ्यात ओल नडते. हार्डनर किलोला १० ते २० ग्रॅम म्हणजे १ ते २ टक्के, गरमी असेल तर १ च्या जवळ राहायचं. सिरिंजने मोजायचा, अंदाजाने झाकणभर वगैरे नाही. कमी पडला तर ट्रे कायम अर्धकच्चा राहतो, नंतर वरून काही टाकून तो सुधारत नाही. एका वेळी किलोभरच मिसळायचं आणि उथळ पसरट भांड्यात, खोल डब्यात गठ्ठ्याने राहिलं की ते स्वतःच इतकं तापतं की धूर येतो.

फर्म्याला वॅक्सचे बरेच हात, मग पीव्हीएचा पातळ हात, तो वाळला की जेलकोट. जेलकोटचा थर साधारण अर्धा मिलिमीटर हवा. फार पातळ लावला की तो नीट पिकत नाही आणि वरून रेझिन पडलं की सुरकुततो, मगरीच्या पाठीसारखा. बोट लावलं तर चिकट लागतो पण बोटावर रंग येत नाही, ही वेळ मॅट चढवायची. पहिला थर ३०० चा पातळ, तो कडांवर चांगला बसतो, त्यावर ४५० चे दोन. प्रत्येक थराला आधी रेझिन, मग मॅट, मग ब्रशने ठोकून ठोकून परत रेझिन, पुसल्यासारखा ब्रश फिरवायचा नाही, मॅट गोळा होते. मग तो खाचांचा लोखंडी रोलर. रोलरवर पैसे वाचवू नका, मी भाईंच्या सांगण्यावरून चांगला घेतला आणि सगळी हवा त्यानेच निघाली, पांढरी चटई बघता बघता पारदर्शक होते, जिथे पांढरं दिसतं तिथे हवा आहे. माझा दीर मदतीला होता, एकाने मिसळायचं आणि एकाने चढवायचं, एकट्याने एवढा मोठा ट्रे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक कामाची गोष्ट जी दुकानातच कळली. रेझिन दगडासारखं व्हायच्या आधी एक वेळ येते जेव्हा ते चामड्यासारखं असतं, तेव्हा कडेचं जास्तीचं फायबर साध्या कटरने सरळ कापता येतं. ती वेळ गेली की ग्राइंडर, आणि ग्राइंडर म्हणजे काचेची धूळ, घरात अंगात सगळीकडे.

मास्क साधा कापडी किंवा एन९५ चालत नाही, तो धूळ अडवतो, वाफ नाही. स्टायरीनच्या वाफेसाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो, ऑर्गॅनिक व्हेपर लिहिलेला. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, बंद गॉगल, पूर्ण बाह्या. हार्डनर लागलेले फडके कचऱ्यात कोंबायचे नाहीत, पाण्यात भिजवून बाहेर ठेवायचे.

आता ज्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं ते. ट्रे फर्म्यावरून सुटतो, छान चकाकतो, कडक वाटतो, आणि लगेच पिंजऱ्यात बसवायचा मोह होतो. नका बसवू. कडक झाला म्हणजे पिकला असं नाही. आत न जुळलेलं स्टायरीन उरलेलं असतं आणि ते कितीतरी दिवस हळूहळू बाहेर येतं. विचार करा, पिंजरा बंद, आत दमट हवा, वरून ३५ डिग्रीचा लॅम्प, म्हणजे ते बाहेर यायला सगळ्यात अनुकूल जागा, आणि त्यात एक जनावर जे जिथे जाईल तिथली जमीन जिभेने चाटून बघतं. इग्वानाची ती सवयच आहे, जिभेने वास घेतो तो. बाहेरची खडबडीत बाजू तर हवेमुळे चिकटच राहते, तिच्यावर वॅक्स मिसळलेल्या रेझिनचा शेवटचा हात द्यावा लागतो, वॅक्स वर तरंगून हवा अडवतं आणि मग ती बाजू पिकते. हा शेवटचा हात बरेच जण देत नाहीत, खाली कोण बघणार म्हणून. द्या.

त्यानंतर ट्रे उन्हात, रोज दुपारी, काही आठवडे. उष्णतेने उरलेली प्रक्रिया पूर्ण होते. मधे मधे साबण आणि कढत पाण्याने धुवायचा, पाणी भरून रात्रभर ठेवायचा, ओतून द्यायचा. झाला का हे बघायला दोन उपाय. एक, स्वच्छ फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन एका कोपऱ्यात घासायचं, जागा चिकट किंवा मऊ झाली तर अजून कच्चा आहे. दुसरा, ट्रे उपडा करून उन्हात तापवायचा आणि उचलून लगेच खाली नाक घालायचं. स्टायरीनचा गोडसर उग्र वास अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. आमच्या सासूबाईंचं नाक घरात सगळ्यात तिखट, त्यांनी हो म्हटल्यावरच ट्रे पिंजऱ्यात गेला. भाईंनी पण हेच बजावलं होतं, बेन, ट्रे लवकर होईल, वास लवकर जाणार नाही. माल विकून झाल्यावर सुद्धा हे सांगणारा दुकानदार मला पाचपैकी पाच द्यावासा वाटतो, पण ते लेबल.

वापर आता बऱ्यापैकी झालाय. एका कोपऱ्यात १ इंचाचा टाकीचा कनेक्टर बसवलाय, ट्रे त्या बाजूला थोडा उतरता, खाली पाइप आणि व्हॉल्व्ह. टब सांडलं, फवारा जास्त झाला, सगळं तिकडे जातं. प्लाय खालून कोरडा ठणठणीत. जेलकोटला फिकट करडा रंग निवडला होता, गडद हिरवा जंगलासारखा दिसला असता पण घाण दिसली पाहिजे म्हणून फिकट, आणि तो निर्णय योग्य ठरला, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जीवाणू) हा सरपटणाऱ्या सगळ्याच प्राण्यांबरोबर येणारा विषय आहे त्यामुळे लपलेली घाण नकोच. नखांचे बारीक ओरखडे आलेत, वरवरचे. खोल गेला कधी तर तेवढा भाग घासून मॅटचा तुकडा लावता येतो, हा फायदा ना प्लास्टिकमध्ये ना पत्र्यात.

एक गोष्ट विषयाला धरूनच, कारण हे वाचून कोणीतरी पिंजरा करायला घेईल. ग्रीन इग्वाना साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर २०२४ च्या नियमांप्रमाणे असे परदेशी प्राणी घरी असतील तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बंड्याची केलीय. आणि आपल्या इथली घोरपड, तारा कासव, नाग-अजगरासारखे साप हे घरात ठेवणं गुन्हा आहे, ट्रे कितीही चांगला केला तरी. विश्वामित्रीच्या काठचं गाव आहे आपलं, पावसाळ्यात सोसायटीत घोरपड येते, मगर पण येते, त्यांना वनखात्याला फोन करून परत जाऊ द्यायचं.

दुकानाबद्दल राहिलेलं: बिल मागितलं तर देतात, मागा. अर्धा किलो सुद्धा सुटं देतात, तोंड वाकडं करत नाहीत. दुपारी जेवायला बंद असतं, रविवारी पण बंद. मॅट आणि रोलर टेम्पोने घरी पाठवतात पण हार्डनर पाठवत नाहीत, तो स्वतः जाऊन आणायचा, सरळ उभा ठेवून, उन्हात गाडीच्या डिकीत न ठेवता. जाताना मार्कर आणि चिकटपट्टी बरोबर न्या.